कोकणात हँडहेल्ड पीसीवर चालणारे जड कन्सोल गेम

हँडहेल्ड पीसी म्हणजे हातात धरून खेळायचा पूर्ण कॉम्प्युटर. मधे स्क्रीन, दोन बाजूंना स्टिक आणि बटणं, आत लॅपटॉपच्या जातीची चिप, आणि गेम तेच जे लोक घरी टीव्हीला प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स जोडून खेळतात. असा कन्सोलसाठी बनलेला जड गेम ह्या एवढ्याशा मशीनवर कितपत नीट चालतो ते ह्या नोंदीत सांगितलंय, आणि तेही रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याच्या हिशोबाने, कारण पावसात लाईटीचा भरवसा नसतो आणि मे महिन्यात पंख्याखाली बसूनसुद्धा तळहात ओले असतात अशा ठिकाणी "नीट" ह्या शब्दाचा अर्थच थोडा बदलतो.

गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या हातात हे मशीन दिसलं की वाडीतली पोरं पडवीत जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, ह्याच्यावर तो गेम चालतो काय?" उत्तर बहुतेक वेळा "हो" असतं. पण नुसत्या "हो"ने काही कळत नाही. किती वॉटवर चालतो, किती वेळ चालतो आणि किती सारखा चालतो, ह्या तीन गोष्टी विचाराव्या लागतात, आणि माझ्या मते कोकणात त्यातला वॉटचा प्रश्न सगळ्यात आधी येतो.

मशीनं कोणती

आधीही अशी मशीनं होती, पण घराघरात नाव पोचलं ते व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकमुळे, ते फेब्रुवारी २०२२ मधे आलं. एएमडीची चिप, चार कोर, १६ जीबी रॅम, ७ इंची १२८० बाय ८०० ची स्क्रीन आणि ४० वॉट-अवरची बॅटरी. नोव्हेंबर २०२३ मधे ओएलईडी मॉडेल आलं, त्यात ९० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ९० वेळा चित्र बदलणारी स्क्रीन आणि ५० वॉट-अवरची बॅटरी. आसुसचं आरओजी अ‍ॅलाय २०२३ च्या जुलैत भारतात ६९,९९० रुपयांना आलं, चिप डेकपेक्षा बरीच ताकदवान, स्क्रीन १०८०पी आणि आत विंडोज. त्याच वर्षी लेनोवोचं ८.८ इंची लीजन गो, २०२४ मधे एमएसआयचं इंटेल चिपवालं क्लॉ, आणि अ‍ॅलाय एक्स, ज्यात बॅटरी थेट ८० वॉट-अवरची केली. ऑक्टोबर २०२५ मधे एक्सबॉक्सच्या नावाने अ‍ॅलायची नवी जोडी आली. डेक मात्र व्हॉल्व्हने भारतात थेट विकायला आणलं नाही, इकडे दिसतात ते नातेवाइकांनी परदेशातून आणलेले किंवा दुकानदाराने आयात केलेले, म्हणजे बिघडलं तर गॅरंटी कुठे मागायची हा प्रश्न राहतोच.

ताकदीचा हिशोब

प्लेस्टेशन ५ ची ग्राफिक्स ताकद १०.२८ टेराफ्लॉप (चिप सेकंदाला किती आकडेमोड करते त्याचं माप) सांगतात आणि डेकची १.६, हे दोनच आकडे शेजारी ठेवले तर वाटतं की विषयच संपला. पण २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ची ताकद होती १.८४, म्हणजे डेक साधारण तिथेच येतं, चिपची रचना नवीन असल्याने तेवढ्याच आकड्यात काम जास्त करतं, आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला रंगवायचे पिक्सेल कमी आहेत. १०८०पी स्क्रीनवर वीस लाखांवर पिक्सेल असतात, डेकच्या स्क्रीनवर दहा लाखांच्या आसपास, जवळपास निम्मे, आणि ४के टीव्हीवर तर ८० लाखांच्या वर. स्क्रीन हाताच्या अंतरावर आणि ७ इंचाची, त्यामुळे कमी पिक्सेल डोळ्यांना खुपत नाहीत. म्हणून प्लेस्टेशन ४ च्या पिढीतले गेम, गॉड ऑफ वॉर, रेड डेड रिडेम्प्शन २ वगैरे, डेकवर खरंच छान चालतात, सेकंदाला तीस-चाळीस फ्रेमवर, म्हणजे तेवढ्या चित्रांवर.

अडतं ते फक्त नव्या कन्सोलसाठी बनलेल्या गेममधे. तिथे तीन गोष्टी आडव्या येतात. एक म्हणजे मेमरीचा वेग, प्लेस्टेशन ५ मधे तो सेकंदाला ४४८ जीबी आहे आणि पहिल्या डेकमधे ८८, आणि दोन्हीकडे तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायचा. दुसरं, गर्दीची शहरं. ड्रॅगन्स डॉग्मा २ किंवा बाल्डर्स गेट ३ चा तिसरा भाग घ्या, रानात सगळं ठीक असतं आणि शहराच्या वेशीतून आत शिरलं की फ्रेम घसरतात, कारण तिथे काम ग्राफिक्सचं नसून माणसांची हालचाल ठरवणाऱ्या प्रोसेसरचं असतं, आणि रिझोल्युशन कितीही कमी केलं तरी त्याचा भार हलका होत नाही. तिसरं म्हणजे रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून उजेड आणि सावल्या काढणं, सक्तीचं असलेले गेम, जसा २०२४ च्या डिसेंबरमधला इंडियाना जोन्स किंवा २०२५ चा डूम, त्यांत ती सेटिंग बंद करायची सोयच नाही. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्समधे ती सक्ती नाही, पण तोही तसाच जड, डेकवर तो घ्यायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

एफएसआर किंवा एक्सईएसएस ह्या चित्र मोठं करणाऱ्या सोयी लावल्या की गेम आतून कमी रिझोल्युशनवर रंगतो आणि मग ते चित्र मोठं केलं जातं. ८०० पीवर मुळातच पिक्सेल कमी असल्याने केस, पानं, जाळ्या ह्या गोष्टी भुरकट दिसतात, पण गेम खेळण्याजोगा होतो. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे एक बनवलेली घुसडायची. खऱ्या फ्रेम चाळीस-पन्नास असतील तर ते उपयोगी आहे, पंचवीस असतील तर आकडा पन्नास दिसतो आणि बटण दाबल्यावर तलवार मात्र उशिराच उठते.

चाळीसची गंमत

हा भाग नीट समजून घ्यावा, कारण इथेच सगळ्यात जास्त फायदा आहे. ३० फ्रेम म्हणजे दर ३३.३ मिलिसेकंदाला एक चित्र, ६० म्हणजे दर १६.७ ला, आणि ह्या दोन वेळांच्या बरोबर मधे येतं २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम. आकड्यात ४० हे ३० च्या शेजारी बसतं, पण डोळ्याला आणि अंगठ्याला ते ६० च्या अर्ध्या वाटेवर पोचलेलं असतं, आणि बॅटरी खातं साठपेक्षा खूप कमी. फक्त स्क्रीन ६० हर्ट्झवर ठेवून ४० फ्रेम दाखवल्या तर काही चित्रं एकदा आणि काही दोनदा दिसतात आणि कॅमेरा फिरवताना चाल अडखळते, म्हणून स्क्रीनपण ४० हर्ट्झवर आणावी लागते. डेकला ही सोय २०२२ मधेच अपडेटने मिळाली. ओएलईडी डेकवर ९० हर्ट्झ आणि ४५ फ्रेम, प्रत्येक चित्र दोनदा, तेही तितकंच गुळगुळीत. माझा रेड डेडमधला घोडा ३० वर आणि ४० वर चालवून बघितला तेव्हा फरक सांगायला आकड्यांची गरजच पडली नाही, वळणावर घोडा जसा हातात आला तसा तीसवर कधी आला नव्हता. तरी सेंट डेनिस शहरात शिरताना मी परत ३० वरच लॉक करतो, कारण चाळीसवरून सारखं घसरण्यापेक्षा तीसवर स्थिर बरं.

मधूनच बसणारे झटके हा वेगळा आजार. पीसी गेमला शेडर म्हणून छोटे प्रोग्राम प्रत्येक ग्राफिक्स चिपसाठी तयार करून घ्यावे लागतात, कन्सोलला ते आधीच शिजवून येतात कारण तिथे चिप एकच. डेक पण सगळे सारखेच, म्हणून स्टीम, म्हणजे व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान, त्याच्यासाठी तयार शेडर उतरवून देतं, आणि २०२२ मधे एल्डन रिंग आला तेव्हा व्हॉल्व्हने प्रोटॉनमधे, म्हणजे विंडोजचे गेम डेकवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, खास दुरुस्ती करून त्याचे झटके कमी केले होते. विंडोजवाल्या मशीनला हा लाभ सहसा मिळत नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट १ मार्च २०२३ मधे पीसीवर आला तेव्हा त्याचे शेडर बनायलाच लोकांचा प्रचंड वेळ गेला. असं काम नेहमी लाईट असताना, चार्जर लावून करून घ्यावं.

लाईट, वॉट आणि इन्व्हर्टर

डेकची चिप जास्तीत जास्त १५ वॉट घेते, स्क्रीन आणि बाकीचं धरून मशीन २४-२५ वॉटपर्यंत जातं, म्हणजे ४० ला २४ ने भागा, पावणेदोन तासाच्या आत बॅटरी संपली. अ‍ॅलायची टर्बो सेटिंग बॅटरीवर २५ वॉट चिपलाच देते, पहिल्या मॉडेलला मग तासाभराच्या वर थोडंच काय ते मिळायचं. चिपला ८-९ वॉटची मर्यादा घालून ३० फ्रेमवर खेळलं तर तोच डेक अडीच-तीन तासांपर्यंत ताणता येतो, जुन्या गेमला तर सहज.

आता घरचा हिशोब. आपल्याकडे बहुतेकांच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी असते, कागदावर १८०० वॉट-अवर, प्रत्यक्षात कमीच. प्लेस्टेशन ५ जड गेमला २०० वॉटच्या आसपास घेतो, वर टीव्ही, आणि त्याच बॅटरीवर पंखे आणि दिवेपण चालायचेत, आई दोन तासांत येऊन बंद करायला लावणार आणि तिचं बरोबरच आहे. डेकचा चार्जर ४५ वॉटचा, एका पंख्याएवढाही भार नाही कधीकधी. शिवाय व्होल्टेज वरखाली झालं, लाईट झपकन गेली तर कन्सोल तिथेच मरतो आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं, हँडहेल्डला स्वतःची बॅटरी असल्याने त्याला पत्ताही लागत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, ते ज्यांनी बघितलंय त्यांना वॉट मोजण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

उष्मा आणि खारं वारं

व्हॉल्व्हने २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलं होतं की डेक बाहेरचं तापमान शून्य ते ३५ अंश असताना उत्तम चालतं, चिप १०० अंशांवर गेली की वेग कमी करते आणि १०५ ला मशीन बंद होतं. किनाऱ्यावर पारा सहसा ३२-३४ ला राहतो, म्हणजे आपण त्या रेषेच्या अगदी कडेला खेळतो. दमटपणामुळे मशीन जास्त तापत नाही, थंड व्हायचं ते हवेच्या तापमानावर ठरतं, पण हात घामेजतात आणि पकड सुटते. मांडीवर, उशीवर ठेवून खेळू नये, मागची जाळी झाकली जाते.

खरा शत्रू खारा वारा. माझ्या डेकच्या चार्जिंग पोर्टात दुसऱ्या पावसाळ्यात हिरवट थर धरला, चार्जर लावला की कधी पकडायचा कधी नाही, आणि मी आठवडाभर केबलला दोष देत बसलो. तेव्हापासून जूनमधे ते झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहतं, पुड्या मधून मधून तव्यावर हलक्या गरम करून कोरड्या करायच्या. समुद्राकडच्या खिडकीत ठेवून मशीनचा पंखा जोरात फिरू देऊ नये, तो तीच खारी हवा आत ओढतो.

नेट आणि आगोट

रेड डेडला १५० जीबी जागा लागते. रोजचा दीड जीबीवाला मोबाइल रिचार्ज असेल तर बरोबर शंभर दिवस, आणि गावात सिग्नल मिळायचा तर सड्यावर जाऊन उभं राहायचं. फायबर पोचलंय तिथे ठीक, नाहीतर आगोटीला जसे कांदे, सुकी मासळी आणि तांदूळ भरून ठेवतात तसे गेम मे अखेरीला उतरवून ठेवायचे. आणि प्रत्येक एकदा नेट असताना उघडून बघायचा, कारण काही गेमचे स्वतःचे लाँचर, म्हणजे गेम सुरू करणारे वेगळे प्रोग्राम असतात, ते पहिल्यांदा लॉगिन मागतात आणि न मिळाल्यास दारातच अडवतात. ऑनलाइन गेमची अडचण आणखी वेगळी, फोर्टनाइट स्टीमओएसवर, म्हणजे डेकमधल्या विंडोजच्या जागच्या प्रणालीवर, चालतच नाही, जीटीए ऑनलाइनही सप्टेंबर २०२४ मधे नवी अँटी-चीट (लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर) आल्यावर डेकवर बंद पडला, त्या गेममधली एकट्याने खेळायची कथा मात्र अजून खेळता येते. असे गेम हवे असतील तर विंडोजवालंच मशीन घ्यावं.

कोकण रेल्वेत नेटवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, बोगद्यामागून बोगदे, एकटा करबुडेचाच साडेसहा किलोमीटरचा. ऑफलाइन मोड स्टेशनवरच लावून घ्यायचा. प्रवासात स्टीमओएसची सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे झोपवणं. लढाईच्या मधे पॉवर बटण दाबा, मशीन झोपतं, परत दाबा, काही सेकंदांत तलवार त्याच जागी. विंडोजवर हे अजून तितकं भरवशाचं नाही, कधी गेम बंद झालेला मिळतो, कधी बॅगेतच मशीन जागं होऊन तापलेलं. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत मी कितीतरी वेळा असा बॉस, म्हणजे गेममधला मोठा शत्रू, अर्धा मारून बटण दाबलंय, गाडी बोटीवर चढवलीय, आणि पलीकडे चहाच्या टपरीवर उरलेला मारलाय.