पाझर स्वच्छ आहे की गढूळ?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टोकोआ गावाजवळ एका बायबल कॉलेजच्या मालकीचं मातीचं धरण होतं, केली बार्न्स. उंची साधारण ४० फूट. वीजनिर्मिती १९५७ मध्येच बंद झालेली, तलाव उरला तो विरंगुळ्यापुरता. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी रात्री दीडच्या सुमाराला ते फुटलं आणि खाली कॉलेजच्या आवारात झोपलेली ३९ माणसं गेली. चौकशीत एकच एक कारण ठामपणे सांगता आलं नाही. पण मागचा, म्हणजे तलावाच्या उलट बाजूचा उतार फार उभा होता, त्यावर झाडं वाढली होती आणि १९७३ च्या एका फोटोत तोच उतार घसरलेला दिसत होता. म्हणजे धरणाने चार वर्षं आधी सांगितलं होतं.

मातीच्या धरणातून पाणी पाझरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मधला चिकणमातीचा गाभा, म्हणजे हार्टिंग, पाणी पूर्ण अडवत नाही, त्याचा वेग मारतो. पाझर पायथ्याशी स्वच्छ बाहेर पडतो तोवर ठीक. गढूळ येऊ लागला की समजावं, पाण्यासोबत आतली माती निघाली आहे. बाहेरच्या तोंडापासून पोकळी आत, तलावाच्या दिशेने सरकत जाते. वाट रुंद झाली की पाणी जास्त वाहतं, आणि जास्त पाणी आणखी माती नेतं. इंजिनिअर याला पायपिंग म्हणतात. शेवटचा टप्पा काही तासांतही उरकतो.

पाण्याला अशी वाट सहसा आपणच देतो. भरावातून पाइप नेला की त्याच्या पोटाखाली माती नीट ठोकून बसत नाही. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात. म्हणून मोठं झाड नुसतं तोडून भागत नाही. खोड गेलं तरी मुळं आतच असतात, तेव्हा जाणकाराला विचारूनच हात लावावा. गवत मात्र हवंच, आणि कापलेलं हवं. वाढलेल्या गवतात ओल दिसत नाही.

सांडव्याबद्दल, म्हणजे जादा पाणी बाहेर काढण्याच्या वाटेबद्दल, एकच सांगतो. २००६ मध्ये हवाईतलं का लोको हे खासगी धरण फुटून ७ जण गेले. तिथला सांडवा बुजवलेला असल्याचं चौकशीत समोर आलं.

आपल्याकडचं चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण सरकारी होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, तेव्हा चर्चा झाली ती खेकड्यांनी धरण पोखरल्याची. बिळं बुजवायला हवीतच. पण ग्रामस्थांनी गळतीची तक्रार आधीच केली होती, आणि मला तीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

तुमच्या शेतात बांध घालून अडवलेला तलाव असेल, तर पावसाळ्यात मागच्या बाजूला पायथ्याने चालत जा. पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर ठेवा आणि तळाशी गाळ बसतो का ते पाहा. बसला, तर तोंडावर चिकणमाती थापून ते बंद करू नका. अडलेलं पाणी आत दाब वाढवतं आणि दुसरीकडून फुटतं. तिथे आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर द्यायचे, म्हणजे पाणी निघतं आणि माती थांबते. ही तात्पुरती सोय, तोवर इंजिनिअर गाठायचा. तलावाची पातळीही उतरवायची, पण बेताने. पाणी एकदम सोडलं तर आतल्या बाजूच्या भिजलेल्या उताराचा आधार जातो आणि तोच घसरतो. आणि हे सगळं सुरू करण्याआधी खालच्या वस्तीला फोन करायचा.