‘भिऊ नको, त्याला कळतं’ : एका सल्ल्याची पार्श्वभूमी

खानापूरची रानवाट असो की निपाणीची गल्ली, कुत्रं गुरगुरलं की मागून सल्ला येतोच : ‘भिऊ नको, त्याला कळतं.’ सल्ला अर्धा खरा आहे. आपल्या भीतीतलं त्याला नेमकं काय कळतं, हे तपासायला मात्र दीडशे वर्षं गेली.

1872 मध्ये चार्ल्स डार्विननं कुत्र्याचे दोन पवित्रे टिपले. चालून जाणारं कुत्रं ताठ असतं : शेपूट वर, मानेवरचे केस उभे, नजर रोखलेली. तेच मालकाला ओळखताच अंग सैल सोडतं, कान मागे पाडतं. कुत्र्याची बोली ही अशी अंगाची, आणि माणसालाही ते तशीच वाचतं. 1907 मध्ये बर्लिनच्या ऑस्कर फुंग्स्टनं ‘गणित येणारा’ हान्स घोडा तपासला. प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, ते पाहून घोडा खुरानं ठोके द्यायचं थांबायचा. प्राणी घोडा होता, पण तेव्हापासून कुत्र्यांवरच्या प्रयोगांतही माणसाच्या अंगाकडे लक्ष ठेवलं जातं.

भीतीचा वास कुत्र्याला येतो, याचा पुरावा अगदी अलीकडचा. 2018 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी घाबरलेल्या माणसांचा घाम लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना हुंगवला. कुत्री अस्वस्थ झाली, मालकाकडे जास्त वळली आणि अनोळखी माणसापासून दूर राहिली. अंगावर धावून जाणं हा त्या वासाचा परिणाम नव्हता. 2022 मध्ये बेलफास्टमध्ये शिकवलेल्या 4 कुत्र्यांनी तोंडी गणितानं ताणलेल्या माणसाचा वास सुमारे 94 टक्के वेळा अचूक ओळखला. म्हणजे वास कळतो, पण चावण्याचं कारण बहुधा हालचालीत शोधावं लागतं.

आपल्याकडच्या गावकुत्र्याला तर माणसाची हालचाल पाठच असते. वाकून हात जमिनीकडे नेला, दगड नसला तरी, की ते चार ढांगा मागे सरतं. कोलकात्याच्या संशोधकांनी 160 भटक्या कुत्र्यांना बोटानं भांडं दाखवलं, तर निम्मी जवळसुद्धा आली नाहीत. जी आली त्यांतल्या बहुतेकांना बोटाचा अर्थ कळला. अडचण बुद्धीची नाही, धास्तीची आहे. बेळगावशेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ (कारवान) हाउंड, म्हणजे तिथलं शिकारी जातीचं कुत्रं, पाळलेला असला, तरी परक्याचा हात अंगावर पडलेला त्याला खपत नाही. पावसाळ्यात ओळखीचं कुत्रंही भुंकतं. डोक्यावर इरलं किंवा उघडलेली छत्री आली की माणसाचा आकारच बदलतो. अशा वेळी लांबूनच नेहमीच्या आवाजात हाक मारावी, म्हणजे निम्मं काम होतं.

माणसाच्या भीतीलाही इतिहास आहे. डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये कसौलीत तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासूनची रेबीजची लस पोटात दहा-चौदा वेळा टोचली जायची. 2004 अखेर देशात तिचं उत्पादन थांबलं, पण ‘चौदा इंजेक्शनं’ घराघरात अजून जिवंत आहेत. आता दंडात चार-पाच सुया पुरतात. तरीही कुत्रं दिसलं की पाय थिजतात, नाहीतर धूम ठोकली जाते.

दोन्हीपेक्षा बरं म्हणजे थांबून अंग तिरकं करणं, हात खाली सैल सोडणं, नजर त्याच्या पायांकडे ठेवणं आणि श्वास चालू देणं. आवाज खालच्या पट्टीत असावा. शब्द मराठी ‘हाड’ असो की कानडी ‘हचा’, सीमाभागातल्या कुत्र्याला दोन्ही येतात. किंचाळलात तर मात्र एकही उपयोगी पडत नाही. कुत्र्यानं तोंड वळवलं, जमीन हुंगली की सावकाश मागे सरावं. चूक होते ती इथेच : सुटलो म्हणून लोक पाठ फिरवून पळतात आणि पोटरी त्याच्या तोंडासमोर येते. दात लागलाच, तर हळद-चुना न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा.