आधी स्वीकार की आधी अर्पण? एका जुन्या ओढीची पार्श्वभूमी

बायबलमध्ये पहिलं अर्पण येतं ते उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, आणि ते कोणी मागितलेलं नसतं. देवाने काइन आणि हाबेलला काही आणायला सांगितलं असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. दोघे भाऊ आपापल्या कामातलं घेऊन येतात, काइन शेतातलं पीक आणतो, हाबेल कळपातले पहिले जन्मलेले आणि पुष्ट पशू आणतो, आणि देव हाबेलच्या अर्पणाकडे आदराने बघतो, काइनच्या नाही. का ते तिथे सांगितलेलंच नाही. पुढे नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, इब्री लोकांस पत्रात हाबेलच्या विश्वासाकडे बोट दाखवलंय, पण मूळ गोष्टीत फक्त एवढंच आहे की काइन संतापला आणि त्याचं तोंड उतरलं.

मराठी बायबल वाचताना मला ‘तोंड उतरलं’ हा आपला रोजचा वाक्प्रचार वाटायचा, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी सोयीने घातलेला. पण मूळ हिब्रूतही तसंच आहे, चेहरा खाली पडला. आणि त्यावर देव त्याला जे विचारतो, ‘तू बरं केलंस तर तुझा स्वीकार होणार नाही का’, त्यात स्वीकारासाठी आलेला हिब्रू शब्द म्हणजे शब्दशः ‘वर उचलणं’. चेहरा पडला आणि देव म्हणतोय की तो वर उचलला जाऊ शकतो. स्वीकार म्हणजे आधी चेहऱ्याची गोष्ट, कोणीतरी आपल्याकडे बघावं आणि आपली मान वर यावी, एवढी साधी आणि एवढी खोल. काइनला ते मिळालं नाही असं वाटलं आणि त्याने ज्याला मिळालं त्याला संपवलं. ख्रिस्ती विचारात स्वीकार आणि त्याग या दोन गोष्टी इतक्या घट्ट बांधलेल्या का आहेत ते कळायला सुरुवात इथूनच करावी लागते.

मोशेच्या नियमशास्त्रात अर्पणाला रीतसर व्यवस्था येते. लेवीय हे पुस्तक बहुतेक लोक वाचताना सोडून देतात, मीही वर्षानुवर्षं सोडलं, पण त्याचा पहिलाच अध्याय सावकाश वाचून बघा. होमार्पण, म्हणजे वेदीवर जाळायचं अर्पण, आणणारा माणूस दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाला भेटायच्या तंबूच्या, दाराशी उभा राहतो, पशूच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवतो, आणि मजकूर म्हणतो की ते त्याच्यासाठी स्वीकारलं जाईल. मग सुरी कोण चालवतो? आपल्याला वाटतं याजक. पण तिथे आणणाराच स्वतःच्या हाताने तो पशू मारतो आणि याजक पुढे येऊन रक्त वेदीकडे नेतात. म्हणजे आपण घरून आणलेला, कदाचित आपणच वाढवलेला जीव, त्याच्या डोक्याची ऊब हाताला लागलेली, आणि तोच हात पुढचं काम करतो. हे लांबून उरकायचं काम नव्हतंच.

अर्पणासाठी हिब्रूत ‘कोर्बान’ हा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी ‘जवळ येणं’ आहे. मला हे कळलं तेव्हा सगळा विषय वेगळाच दिसायला लागला, कारण आपण त्याग म्हटलं की काय सोडलं याचा हिशोब करतो आणि या शब्दाचा सगळा रोख आहे जवळ येण्याकडे. आणि गरिबाला या जवळ येण्यातून वगळलेलं नाही. मेंढरू परवडत नसेल तर दोषाबद्दल दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं, तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ. पुढे येशू तान्हा असताना मरीया आणि योसेफ मंदिरात जातात तेव्हा लूकने पक्ष्यांच्या याच जोडीचा उल्लेख केलाय, म्हणजे ते घर गरिबाचं होतं हे त्याने न सांगता सांगितलंय.

पण कुठलीही व्यवस्था एकदा बसली की माणूस तिचा सौदा करतो. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस, होशेय, यशया, मीखा हे संदेष्टे यावरच तुटून पडले. होशेय ६:६ मध्ये देव म्हणतो की मला यज्ञ नको, दया पाहिजे. मीखाच्या सहाव्या अध्यायात तर बोली कशी चढत जाते ते बघण्यासारखं आहे, माणूस विचारतो की मी काय घेऊन येऊ, एक वर्षाची वासरं आणू का, हजारो मेंढे चालतील का, तेलाच्या लाखो नद्या, आणि शेवटी विचारतो माझा पहिला मुलगा देऊ का. ही बोली वाचताना मला दर वेळी आत काहीतरी टोचतं कारण ती ओळखीची आहे, ‘अजून किती केलं म्हणजे पुरे होईल’ हाच तो प्रश्न. उत्तर येतं की न्यायाने वाग, दयेवर प्रेम कर आणि देवाबरोबर नम्रपणे चाल. बोलीतल्या एकाही गोष्टीला तिथे होकार नाही.

मग येशू. मार्कच्या शुभवर्तमानात पहिल्या अध्यायातच त्याचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. आता यावेळी मार्कच्या कथेत येशूने काय केलेलं असतं? काहीच नाही, एकही चमत्कार नाही, एकही उपदेश नाही, वधस्तंभ तर फार लांब. संतुष्ट असल्याचं आधी सांगितलं आणि काम नंतर सुरू झालं. ख्रिस्ती विश्वासाचं जे वेगळेपण आहे ते मला वाटतं या क्रमात आहे, आणि पुढच्या दोन हजार वर्षांचा इतिहास म्हणजे हा क्रम कळणं, विसरणं आणि परत कळणं असाच आहे.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत हाच क्रम परत दिसतो. मुलगा परदेशात उपाशी बसून घरी गेल्यावर काय बोलायचं ते पाठ करतो, मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला तुमच्या मजुरांपैकी एकासारखं ठेवा. अध्यायात हे भाषण दोनदा येतं, एकदा मनात आणि एकदा बापासमोर, पण दुसऱ्या वेळी मजुराचं वाक्य गायब आहे. बाप आधीच धावत येऊन गळ्यात पडलाय आणि मुलाचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो नोकरांना झगा आणायला सांगतोय. राबून जागा मिळवायची जी ऑफर मुलाने आणली होती ती बोलायला वेळच मिळाला नाही. आणि बाहेर उभा असलेला थोरला मुलगा, तो म्हणतो इतकी वर्षं मी तुमची सेवा करतोय आणि मला कधी एक करडूही दिलं नाहीत. खरा मजूर तोच झाला होता, घरात राहून.

वधस्तंभावर मात्र येशू स्वतः विचारतो की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. मराठीत ‘त्याग’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, आपण दुसऱ्यासाठी करतो तोही त्याग आणि कोणीतरी आपल्याला सोडून देतो तोही त्याग, आणि इथे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी येऊन मिळतात. इब्री लोकांस पत्र पुढे म्हणतं की हे अर्पण एकदाच आणि कायमचं झालं. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि तिथली वेदी विझली, तेव्हा यहुदी परंपरेत योहानान बेन झक्काई या धर्मगुरूने होशेयचं तेच वाक्य हाताशी धरून सांगितलं की दयेची कृत्यं हेच आता प्रायश्चित्त, आणि ख्रिस्ती लोक म्हणाले अर्पण झालेलं आहे. मग माणसाने करायचं काय उरलं? प्रेषित पौलाने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्रात अकरा अध्याय देवाच्या कृपेबद्दल लिहून बाराव्याची सुरुवात ‘म्हणून’ अशी केली, म्हणून तुम्ही आपली शरीरं जिवंत आणि देवाला आवडणारा यज्ञ म्हणून द्या. हा ‘म्हणून’ फार महत्त्वाचा आहे. तो काढला की सगळं परत काइनाच्या शेतात जातं.

आणि हा ‘म्हणून’ निघतच राहिला. इ.स. १५५ च्या सुमाराला स्मुर्णा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) इथे म्हातारा बिशप पॉलिकार्प ख्रिस्ती विश्वासासाठी जाळला गेला. त्या घटनेचा जो वृत्तांत त्यांच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाने, लिहून पाठवला त्यात तो कळपातून निवडलेल्या मेंढ्यासारखा बांधलेला होता असं वर्णन आहे, आणि त्याच्या तोंडी प्रार्थना आहे की आज मला स्वीकारलेलं अर्पण म्हणून घे. पण त्याच वृत्तांतात क्विंटस नावाच्या माणसाचीही हकीकत आहे, तो स्वतःहून पुढे गेला, दुसऱ्यांनाही घेऊन गेला आणि श्वापदं बघितल्यावर घाबरून त्याने विश्वास नाकारला. लिहिणारे स्पष्ट सांगतात की स्वतःहून पुढे होणाऱ्यांचं आम्ही कौतुक करत नाही, शुभवर्तमान तसं शिकवत नाही. दुसऱ्या शतकातच मंडळीला हा फरक दिसला होता, जे वाट्याला आलं ते देणं वेगळं आणि मरणातून आपली किंमत सिद्ध करायला जाणं वेगळं.

इ.स. ३१३ नंतर रोमन साम्राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबत गेला तशी स्वतःला देऊन टाकायची ही ओढ वाळवंटात गेली, उपास, जागरणं, एकांत. सीरियातला सिमियोन तर ३५ हून जास्त वर्षं एका खांबावर राहिला आणि तिथेच ४५९ मध्ये गेला. मला या लोकांबद्दल आदर आहे पण त्यांच्या मनात आधी काय होतं, प्रेम की भीती, हे बाहेरून ठरवता येत नाही. मध्ययुगात १०९८ च्या सुमाराला अन्सेल्म या धर्मपंडिताने मांडलं की पापाने देवाचा मान दुखावला आणि त्याची भरपाई माणूस करू शकत नाही म्हणून ती ख्रिस्ताने केली, आणि नंतर थोड्याच काळात आबेलार्ड या दुसऱ्या धर्मपंडिताने जोर दिला तो वधस्तंभावरचं प्रेम बघून माणसाचं हृदय पेटण्यावर. या दोन बाजूंचा वाद अजून चालू आहे, त्यात इथे शिरत नाही.

मार्टिन ल्यूथर, ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली, त्याच्याबद्दल मात्र थांबायला हवं. १५०५ मध्ये तो जर्मनीतल्या एरफुर्टच्या मठात गेला आणि १५०७ मध्ये त्याने पहिला मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाची कॅथोलिक उपासना, अर्पण केला. नंतर त्याने सांगितलं की जिवंत देवाला आम्ही हे अर्पण करतो अशा अर्थाच्या शब्दांशी आल्यावर तो भीतीने गारठला, मी माती, मी कोण त्याच्याशी बोलणारा. उपास केले, थंडीत राहिला, पापं आठवून आठवून तासनतास कबुली द्यायचा आणि बाहेर पडला की अजून एखादं आठवायचं. साधुपणाने कोणी स्वर्गात गेला असता तर मी गेलो असतो, असं तो पुढे म्हणाला. त्याची सुटका जास्त त्यागाने झाली नाही, रोमकरांस पत्र वाचताना त्याला कळलं की नीतिमत्त्व ही देवाने दिलेली देणगी आहे, कमाई नाही. १५१७ मधले त्याचे ९५ मुद्दे पापाची शिक्षा माफ होते म्हणून विकल्या जाणाऱ्या पापक्षमापत्रांविरुद्ध होते, पण त्यामागे हा माणूस होता ज्याला कधीच पुरेसं वाटलं नव्हतं. कॅथोलिक बाजूने ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये मिस्सा हे खरं अर्पण आहे असं ठामपणे सांगितलं, आणि हेही की ते दुसरं अर्पण नव्हे, वधस्तंभावरचंच. मतभेद मोठा आहे पण ते एकदाच झालं हे दोघेही सोडत नाहीत.

विसाव्या शतकात शब्द बदलले. नाझींनी नोकरीवरून काढल्यावर १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेलेल्या पॉल टिलिख या धर्मपंडिताने १९४८ मध्ये छापलेल्या एका प्रवचनात कृपा म्हणजे काय ते एवढ्यावर आणलं की तुझा स्वीकार झालेला आहे, तो स्वीकार झालाय हे तू फक्त मान्य कर. आणि १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या अभ्यासक बाईंनी एक लेख लिहून फार नाजूक जागेवर बोट ठेवलं, त्या म्हणाल्या की गर्व हेच मूळ पाप आणि स्वतःला विसरणं हाच उपाय, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवातून आलीय, पुष्कळ बायकांचा प्रश्न उलटा असतो, दुसऱ्यांसाठी इतकं विरघळून जायचं की स्वतः म्हणून काही उरतच नाही.

हे मी अगदी जवळून बघितलंय. उपासनेनंतर खुर्च्या आवरणाऱ्या एक ताई, अंगात ताप होता म्हणून एका गायनाच्या सरावाला आल्या नव्हत्या, आणि खुर्ची हातात धरून त्यांनी मला त्याबद्दल तीन वेळा सॉरी म्हटलं, माझा काही संबंध नसताना. त्यांचं तोंड उतरलेलं होतं. अशा माणसाला अजून त्याग कर असं सांगणं म्हणजे थोरल्या मुलाला परत शेतात पाठवणं आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये हे सर्रास होतं, मनापासून सेवा करणारी माणसं झिजत जातात आणि त्यांना कोणी विचारत नाही की तू प्रिय आहेस हे तुला माहितीये का.

मग त्याग खोटा का? अजिबात नाही. १९४१ च्या जुलैअखेर नाझींच्या आउश्वित्झ छावणीतून एक कैदी पळाला, शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायला निवडलं, त्यातला फ्रान्सिशेक गायोव्निचेक बायको-मुलांसाठी रडला आणि कैदी क्रमांक १६६७० म्हणजे फादर मॅक्सिमिलियन कोल्बे रांगेतून पुढे आले, त्याच्या जागी मला घ्या म्हणाले. तू कोण असं विचारल्यावर कॅथोलिक याजक एवढंच सांगितलं. दोन आठवड्यांनी ते जिवंत होते म्हणून १४ ऑगस्टला त्यांना विषारी इंजेक्शन दिलं. या घटनेत सगळे कोल्बेंकडे बघतात, मी अलीकडे गायोव्निचेककडे बघतो. त्याने काही कमावलं नव्हतं, आभार मानायलाही वेळ मिळाला नाही, नजरेनेच मानले असं त्याने पुढे सांगितलं. युद्ध संपल्यावर तो घरी आला, बायको भेटली, ज्या मुलांसाठी तो रडला होता ती दोघं तोपर्यंत बॉम्बहल्ल्यात गेली होती. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये रोममध्ये कोल्बेंना संत घोषित केलं तेव्हा तो तिथे हजर होता, ८० वर्षांचा, आणि त्यानंतरही १९९५ पर्यंत जगला, जिथे बोलावतील तिथे जाऊन त्या रांगेत काय झालं ते सांगत.