ऑडिट म्हणजे नुसतं बिलं जुळवणं?

'सरकारी ऑडिटवाले फक्त पावत्या बघतात. झाड जगलं की मेलं, हे कोणी तपासत नाही,' असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. ऑडिट म्हटलं की कपाटातल्या फायलीच बाहेर निघताना दिसतात.

पण कॅग, म्हणजे भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, करतात ते कामगिरी लेखापरीक्षण (परफॉर्मन्स ऑडिट) हा वेगळा प्रकार आहे. पैसा नियमाने खर्च झाला, ठीक. ज्यासाठी झाला ते घडलं का, हा त्यातला प्रश्न. त्यासाठी पथक निवडक ठिकाणी प्रत्यक्ष जागेवर जातं. नोंदवहीत रोपं किती, खड्ड्यात जिवंत किती? सांडपाणी प्रकल्पाची क्षमता किती, शुद्ध होतं किती? कॅगचे हे लेखापरीक्षक तपासल्या जाणाऱ्या खात्याच्या हाताखाली नसतात, आणि राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार अहवाल संसदेत किंवा विधिमंडळात ठेवला जातो. शिक्षा करायचा अधिकार मात्र त्यांना नाही. लोकांची चीड बहुधा इथलीच.

मांडलेले अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. 'वन' किंवा 'घनकचरा' शोधून बघा. आपल्या गावातल्या कामासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ आहेच. त्यात कामाची पाहणी करण्याचा हक्कही येतो. अर्जात नुसत्या झेरॉक्स मागू नका, 'रोपवनाची प्रत्यक्ष पाहणी करायची आहे' असं लिहा.