अभ्यास बायबल : निवड आणि मुंबईतील वापर

बायबलच्या पाठासोबत त्याच पानावर तळटिपा, समांतर वचनांचे संदर्भ, प्रत्येक पुस्तकाची प्रस्तावना, नकाशे आणि शब्दसूची देणाऱ्या आवृत्तीला अभ्यास बायबल म्हणतात. मुंबईत ‘स्टडी बायबल’ हेच नाव अधिक ऐकू येते. प्रवचनाची तयारी करणारे पाळक, रविवारच्या शाळेतील शिक्षक, घरोघरी जमणारे बायबल अभ्यासाचे गट आणि एकट्याने रोज वाचन करणारे भाविक असा तिचा वाचकवर्ग आहे. येशूने सांगितलेल्या दाखल्यात (बोधकथेत) द्राक्षमळ्यातील मजुरांना ठरवलेला दिनार ही त्या काळची एका दिवसाची मजुरी होती, एवढी साधी माहिती पानाच्या तळाशी मिळाली तरी दाखल्याचा अर्थ पुष्कळ उलगडतो. टिपेचे खरे काम हेच आहे.

निवडीचा पहिला प्रश्न कोणती पुस्तके हवीत हा असतो. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. तोबित, यूदिथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, बेन सिरा आणि बारूख ही ७ पुस्तके, तसेच एस्तेर व दानीएल यांतील काही भाग प्रोटेस्टंट जुन्या करारात नाहीत. वांद्रे, माहीम किंवा वसईच्या कॅथलिक कुटुंबासाठी घेतलेल्या प्रतीत मक्काबींची पुस्तके नसतील, तर टिपा कितीही विद्वत्तापूर्ण असल्या तरी मिस्सेतील (कॅथलिक उपासनेतील) काही वाचने त्या घरात शोधूनही सापडणार नाहीत.

दुसरा आणि अधिक नाजूक प्रश्न टिपा कोणाच्या, हा आहे. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट विद्वानांनी १५६० मध्ये प्रसिद्ध केलेले जिनिव्हा बायबल हे वचनांना क्रमांक देणारे पहिले संपूर्ण इंग्रजी बायबल. त्याच्या समासातील टिपा राजसत्तेला आव्हान देतात असे इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाला वाटे, आणि त्याच्या आश्रयाने १६११ मध्ये निघालेल्या भाषांतरात मतप्रतिपादक टिपा नव्हत्या. पुढे १९०९ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने सी. आय. स्कोफील्ड यांचे संदर्भ बायबल छापले. देवाचा मानवाशी असलेला व्यवहार सात कालखंडांत विभागणारी त्यांची मांडणी थेट वचनांखाली छापली गेल्यामुळे असंख्य वाचकांना ती बायबलचीच शिकवण वाटू लागली. अभ्यास बायबलचा सर्वांत मोठा धोका येथेच आहे: टीप आणि वचन एकाच पानावर, एकाच बांधणीत राहतात, आणि काही वर्षांच्या वाचनानंतर त्यांतील सीमारेषा मनातून पुसट होते. म्हणून टीपकाराचा पंथ आणि दृष्टी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिली आहे का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

ही पारख करण्यासाठी वादाची काही स्थळे आधी वाचणे उपयुक्त ठरते. मत्तयाच्या १६ व्या अध्यायात येशू पेत्राला ‘या खडकावर’ मंडळी रचण्याविषयी सांगतो, तेथील कॅथलिक व प्रोटेस्टंट टिपा सहसा वेगळ्या दिशांनी जातात; प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातील ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दल तर प्रोटेस्टंटांमध्येही एकमत नाही. मार्काच्या शेवटच्या अध्यायातील ९ ते २० ही वचने चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीत. जी आवृत्ती हे मोकळेपणाने सांगते आणि वादाच्या जागी दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नोंदवते, ती विश्वासार्ह समजावी. एनआयव्ही आणि ईएसव्ही या इंग्रजी भाषांतरांवरील अनुक्रमे १९८५ चे आणि २००८ चे स्टडी बायबल इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, भूमिकेतून लिहिलेली आहेत, १९८८ चे लाइफ ॲप्लिकेशन बायबल रोजच्या जगण्यातील आचरणावर भर देते, तर १९६६ च्या इंग्रजी जेरुसलेम बायबलच्या टिपा फ्रेंच कॅथलिक विद्वत्परंपरेतून आल्या आहेत.

मराठी वाचकाची अडचण, म्हणजे टिपांसह आवृत्त्यांचा तुटवडा, मात्र इतिहासात रुजलेली आहे. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत केलेला नवा करार १८२६ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. पण बायबलचा प्रसार करणाऱ्या संस्थांचा त्या काळचा दंडक वेगळाच होता. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने बायबल टीप किंवा भाष्याशिवायच छापण्याचा नियम घालून घेतला, म्हणजे निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांना एकत्र काम करता यावे. ऐक्यासाठी हा नियम शहाणपणाचा होता, परंतु त्यामुळे मराठी मंडळ्यांमध्ये टिपांविना बायबल हीच रीत रुजली आणि स्पष्टीकरणाचा भार पाळकाच्या प्रवचनावर पडला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्यांनी सामान्य स्त्रियांना कळेल अशी सोपी भाषा वापरली, आणि हाही अर्थ सुगम करण्याचाच एक मार्ग होता. कॅथलिक परंपरेचा नियम बायबल सोसायटीच्या त्या नियमाच्या उलट आहे: दुसऱ्या व्हॅटिकन परिषद या कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेच्या १९६५ च्या दस्तऐवजानुसार भाषांतरांना आवश्यक आणि पुरेशी स्पष्टीकरणे जोडणे अपेक्षित आहे.

याच कॅथलिक परंपरेतून मुंबईत एक धाडसी प्रयोग झाला. वांद्र्याच्या सेंट पॉल्स प्रकाशनाने २००८ मध्ये न्यू कम्युनिटी बायबल हे इंग्रजी बायबल काढले. त्याच्या टिपांत उपनिषदे व भगवद्गीता यांचे संदर्भ होते आणि चित्रांत मरिया साडी नेसलेली होती. काही ख्रिस्ती वाचकांनी जोरदार आक्षेप घेतला आणि २०११ मध्ये सुधारित आवृत्ती आली. भारतीय वाचकाला त्याच्या भोवतालच्या विचारविश्वातून बायबलकडे नेण्याचा हेतू आदरास पात्र होता; मात्र वचनाखाली काय छापावे याबद्दल भाविक किती संवेदनशील असतात, हेही त्या वादात दिसले.

मराठीत टिपांसह आवृत्त्या इंग्रजीच्या तुलनेत फार थोड्या असल्याने मुंबईत पाठ मराठीत आणि टिपा इंग्रजीत वाचणे सोयीचे पडते. असे दोन ग्रंथ शेजारी ठेवताना क्रमांक जुळवून घ्यावे लागतात. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे २३ वे स्तोत्र लॅटिन परंपरेच्या जुन्या कॅथलिक बायबलांत २२ वे आहे, आणि मलाखीचे पुस्तक हिब्रू गणनेत ३ अध्यायांचे, तर मराठी प्रोटेस्टंट बायबलमध्ये ४ अध्यायांचे आहे. याशिवाय टाईपाचा आकारही दुकानातच तपासावा: टिपा मूळ पाठापेक्षा बारीक छापलेल्या असतात, आणि लोकलच्या प्रवासात किंवा रात्रीच्या दिव्याखाली त्या वाचता आल्या नाहीत, तर जाड आणि वजनदार प्रत बाळगण्याचे कारणच उरत नाही.