किंगपिन ठेवायची की काढायची? जड ट्रॉलीच्या ब्रॅकेटमागची पार्श्वभूमी

कोल्हापुरात ‘ट्रॉलीचं ब्रॅकेट’ मागितलं की दुकानदार आधी विचारतो, “उसाची का?” इथे ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरमागची. कारखान्याच्या आत कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, बिन घेऊन फिरणाऱ्या ट्रॉलीला वेगळं नाव कधी पडलंच नाही, आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. हे टिपण त्या आतल्या ट्रॉलीबद्दल आहे, त्यातही चाक आणि चौकट यांच्यामध्ये बसणाऱ्या लोखंडाबद्दल, म्हणजे ब्रॅकेटबद्दल, आणि त्याच्या मधली पिन, किंगपिन, असावी की नसावी या वादाबद्दल.

उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनत होती त्या काळातली ट्रॉली अजूनही एखाद्या जुन्या शॉपच्या कोपऱ्यात दिसते. सी-चॅनेलची चौकट, खाली प्लेटचे दोन कान वेल्ड केलेले, त्यातून आरपार आस आणि आसावर घरच्याच भट्टीत ओतलेली बिडाची चाकं. चारही चाकं फिक्स. वळवायची तर पहार घालून टोक उचलायचं. माल नॉकआउटपासून (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथून) फेटलिंगपर्यंतच (ते घासून साफ करतात तिथवर) न्यायचा असल्याने कोणाचं फारसं अडत नसे.

फाउंड्रीच्या गावात ब्रॅकेटही ओतूनच का घेतलं नाही, असं बाहेरचे विचारतात. बीड दाबाला भक्कम असतं, धक्क्याला नसतं. ट्रॉली तिरकी होऊन गटाराच्या झाकणावर आदळली की ब्रॅकेटच्या पायावर वाकवणारा जोर येतो आणि बीड न वाकता तुटतं. वाकून तग धरणारं बीड, म्हणजे एसजी आयर्न, जगासमोर आलं 1948 मध्ये. आज कोल्हापुरात ते रोज ओतलं जातं. तरी दहा-वीस ब्रॅकेटसाठी पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) करण्यापेक्षा जाड प्लेट कापून वेल्ड करणं स्वस्त पडतं, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटतो.

खरा बदल झाला तो इंजिनांचा जोर ओसरून वाहन उद्योगाचं काम वाढलं तेव्हा. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले इथे कास्टिंग मशीनवर कापून-घासूनच बाहेर पडू लागलं. मशीन केलेल्या फेसला ओरखडा चालत नाही. ट्रॉलीला फाउंड्री, मशीन शॉप, तपासणी, पॅकिंग अशी फेरी पडू लागली आणि वळणं आली. दोन फिक्स आणि दोन रिव्हॉल्व्हिंग, म्हणजे वळणारी चाकं, ही जोडी रूढ झाली. मशीन शॉपच्या इपॉक्सी फरशीवर बिडाचं चाक चालेना, म्हणून बिडाच्या गाभ्यावर पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) चढवलेली चाकं आली. फाउंड्रीच्या बाजूला मात्र बीडच राहिलं, कारण गरम मालाखाली पॉलियुरेथेन सुटून येतं.

आता त्या शब्दाकडे वळू. ‘किंगपिन’ कोल्हापूरच्या माणसाला आधीपासून माहीत होती, पण दुसरीच. ट्रकच्या पुढच्या ॲक्सलला किंगपिन असते, तिच्याभोवती चाक वळतं. कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरलाही किंगपिन असते, ती घोड्याच्या, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीच्या, जोडणीत अडकते. तिसरी ब्रॅकेटची. चौकटीला लागणारी वरची प्लेट आणि चाक धरणारा खालचा फोर्क यांच्या मध्यातून जाणारा बोल्ट किंवा रिव्हेट. पहिल्या दोन्ही पिना तुटल्या तर अपघातच, त्यामुळे ‘बिनपिनेचं ब्रॅकेट’ ऐकल्यावर जुने मिस्त्री बिचकले. पिनच नाही तर धरलंय कशानं?

धरलेलं असतं छर्ऱ्यांनी. पिनवाल्या ब्रॅकेटमध्ये छर्ऱ्यांच्या दोन रेस, म्हणजे छर्रे फिरतात त्या गोल खाचा, असतात. वरची वजन घेते, खालची तिरका जोर. दोघींना एकत्र आवळून ठेवायचं काम पिन करते. धक्के बसत गेले की पिन ताणते, नट ढिला पडतो, छर्ऱ्यांना मोकळीक मिळते आणि फोर्क डुलायला लागतो. बिनपिनेच्या ब्रॅकेटमध्ये मोठ्या घेराच्या कडक केलेल्या खाचा असतात आणि त्यांतले छर्रेच प्लेट व फोर्क एकमेकांत अडकवून ठेवतात. ताणायला पिन नाही आणि सुटायला नटही नाही.

मग वाद कशाचा? नट नाही म्हणजे आवळताही येत नाही. पिनवालं डुललं की पान्याचा एक वेढा देऊन काम निघतं. बिनपिनेचं झिजलं की सगळंच्या सगळं भंगारात, वर किंमतही जास्त. दुरुस्त करून वापरण्यावर उभ्या राहिलेल्या गावाला हे पटणं अवघड होतं आणि माझ्या मते त्यात हटवादीपणा नव्हता. रेती आणि चुरा उडणाऱ्या ठिकाणी कुठलीही रेस लवकर खराब होते. तिथे उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा आवळता येणारं ब्रॅकेट निवडणं शहाणपणाचंच होतं.

पण आवळण्याचीही एक रीत असते. शिरोलीतल्या एका शॉपमध्ये मी पाहिलेल्या ट्रॉलीचा नट सारखा ढिला होई, म्हणून कोणीतरी तो करकचून आवळून त्याला वेल्डिंगचा टाका मारला होता. ब्रॅकेट फिरायचंच थांबलं. दोघे जण ट्रॉली ढकलत होते आणि पुढचं चाक आडवं राहून फरशीवर घासत होतं. एका बाजूने पार सपाट झालं होतं. दोष लावला गेला चाकाला.

गावातच नकलून केलेल्या ब्रॅकेटची आणखी एक अडचण ऑफसेटची. फिरण्याचा मध्य आणि चाकाचा आस यांच्यात अंतर असतं म्हणून चाक आपोआप मागे वळतं. नमुना बघून केलेल्या ब्रॅकेटमध्ये हे अंतर कमी पडलं तर रिकामी ट्रॉली छान वळते, भरलेली वळत नाही. फिक्स ब्रॅकेटला रेस नसल्यामुळे त्याची उंची वेगळी जुळवावी लागते, तेही हमखास राहून जातं.

वजनाचा हिशेब तसा सोपा आहे, तरी चुकतो. 180 किलोची ट्रॉली आणि 1200 किलोचा माल मिळून 1380. चाराने भागलं की प्रत्येकी 345 किलो. पण फरशी कुठेच सपाट नसते, एक चाक अधांतरी राहतं, म्हणून जाणकार तिनाने भागतात आणि 460 किलोच्या वरचं ब्रॅकेट घेतात. ‘हेवी ड्यूटी’ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. तो डब्यावर छापायला कोणाची हरकत नसते.

किंगपिनच्या वादाचा तोल शेवटी ब्रॅकेटने फिरवलाच नाही. तो फिरवला ट्रॉली ओढणाऱ्याने. हाताने ढकलण्याच्या जागी बॅटरीवरचा टो-ट्रक (ट्रॉल्या ओढणारी छोटी गाडी) आला आणि तीन-चार ट्रॉल्या एकामागे एक जोडून निघाल्या. आंतरराष्ट्रीय मानकांत वेगानुसार फोड आधीच झालेली होती. आयएसओ 22883 ताशी 4 किलोमीटरपर्यंत, म्हणजे साधारण चालण्याच्या वेगाच्या ट्रॉल्यांसाठी, आणि आयएसओ 22884 त्यापुढे 16 किलोमीटरपर्यंत. इथे मात्र ढकलायच्या ट्रॉलीलाच हुक लावून ओढणं सुरू झालं. वेग वाढला की चाक फडफडतं, ती फडफड थेट पिनेवर जाते आणि ज्या पिना वर्षानुवर्षं चालल्या होत्या त्याच ढिल्या पडू लागतात. बिनपिनेच्या बाजूने याहून मोठा पुरावा कोणी दिला नव्हता.

आता बऱ्याच ठिकाणी दोन्ही नांदतात. भट्टीकडे पिनवालं आणि बिडाचं चाक, मशीन शॉपकडे बिनपिनेचं आणि पॉलियुरेथेन. अडचण एवढीच, की दोघांच्या वरच्या प्लेटची भोकं एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या ट्रॉल्यांच्या चौकटीखाली वाकून पाहिलं तर गॅसने कापून लांबट केलेली भोकं दिसतात आणि त्यांवर दोन-दोन वॉशर.