प्रस्थापित लोकप्रतिनिधींचे पराभव (नाशिक जिल्हा)

एकाच मतदारसंघातून वारंवार, बहुधा सलग, निवडून आल्यामुळे ज्यांच्या नावानेच तो मतदारसंघ ओळखला जाऊ लागला, अशा आमदार-खासदारांनी अखेर निवडणूक हरणे, या घटनेचा नाशिक जिल्ह्यापुरता आढावा या नोंदीत घेतला आहे. किती विजयांनंतर एखादा प्रतिनिधी ‘प्रस्थापित’ ठरतो, याला कायद्याचा निकष नाही. येथे तीन किंवा अधिक विजय, अथवा एकाच घरात दोन पिढ्या राहिलेली जागा, असा ढोबळ निकष धरला असून दोन-तीन ठिकाणी तो सैल केला आहे. जिल्ह्याच्या बोलण्यात या घटनेला दोन क्रियापदे आहेत. मतदार म्हणतात, अमुक ‘पडले’. उमेदवार आणि त्यांचे कार्यकर्ते म्हणतात, त्यांना ‘पाडले’. पहिल्यात दोष पडणाऱ्याचा असतो, दुसऱ्यात तो आपल्याच पक्षातील कुणाचा तरी असतो. मात्र जिल्ह्यातील मोठे पराभव पाहता, ज्याकडे दोन्ही बाजूंचे लक्ष कमी जाते अशी एक गोष्ट वारंवार आढळते, ती म्हणजे मतदारसंघाच्या बदललेल्या सीमा.

जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सिन्नर, देवळाली, इगतपुरी आणि शहरातील तीन मिळून नाशिक लोकसभा मतदारसंघ होतो. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी मिळून दिंडोरी होतो. तर मालेगावचे दोन आणि बागलाण हे धुळे लोकसभा मतदारसंघात मोडतात. ही रचना २००८ च्या पुनर्रचनेतून आली आणि २००९ च्या निवडणुकांपासून लागू झाली. तीत सुरगाणा आणि दाभाडी हे विधानसभेचे जुने मतदारसंघ नकाशावरून गेले, मालेगाव लोकसभा मतदारसंघ संपून दिंडोरी आला आणि नाशिक शहराचे पूर्व, मध्य व पश्चिम असे तीन भाग पडले. ज्यांनी वीस-तीस वर्षे एकेक पाडा बांधून ठेवला होता, त्यांच्या हातातील मतदारयादीच बदलली.

नाशिक लोकसभा मतदारसंघात प्रस्थापित होण्याची संधी मतदारांनी फारशी कुणाला दिलेली नाही. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे एक नेते दादासाहेब गायकवाड १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत येथून लोकसभेत गेले आणि १९६२ मध्ये पराभूत झाले. १९६३ च्या पोटनिवडणुकीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. १९६७ आणि १९७१ असे दोनदा भानुदास कवडे विजयी झाले, आणि त्यानंतर १९७७ ते २०१४ या काळातील अकरा सार्वत्रिक निवडणुकांत नाशिकने अकरा वेगवेगळे खासदार दिल्लीला पाठवले. विठ्ठलराव हांडे, डॉ. दौलतराव आहेर, डॉ. वसंत पवार, उत्तमराव ढिकले, देविदास पिंगळे ही त्यांतील काही नावे. पक्षही शेतकरी कामगार पक्षापासून शिवसेनेपर्यंत बदलत राहिले. ‘नाशिककर खासदाराला दुसऱ्यांदा पाठवत नाहीत’ हे वाक्य त्यामुळे पारावरचे सत्य होऊन बसले. २०१९ मध्ये हेमंत गोडसे यांनी दुसऱ्यांदा जिंकून ते मोडले. २०२४ मध्ये तिसऱ्या विजयाच्या प्रयत्नात त्यांचा सुमारे १ लाख ६२ हजार मतांनी पराभव झाला.

विधानसभेचे चित्र याच्या अगदी उलट आहे; तेथे माणसे दशकानुदशके टिकली. मालेगावात निहाल अहमद १९७८ ते १९९५ या काळातील पाचही निवडणुका जिंकले. समाजवादी परंपरेतील असल्यामुळे त्यांना ‘साथी’ म्हटले जाई. ते राज्यात मंत्री झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले, आणि बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर दंडावर बांधलेली काळी फीत ही त्यांची ओळख बनली. १९९९ मध्ये काँग्रेसचे शेख रशीद यांनी त्यांना हरवले. देशभर जनता दलाची शकले होत असताना त्या पक्षाचा मालेगावातील गड एवढा काळ टिकला, याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे. पराभवानंतर निहाल अहमद घरी बसले नाहीत. मालेगाव महानगरपालिका स्थापन झाल्यावर ते तिचे पहिले महापौर झाले. त्यांच्यानंतर या शहरात कुणालाही तशी मांड ठोकता आली नाही. शेख आणि मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांच्यात जागा फिरत राहिली आणि २०२४ मध्ये मुफ्ती अवघ्या १६२ मतांनी निवडून आले; त्या निवडणुकीतील राज्यातले हे सर्वांत कमी मताधिक्य होते.

मालेगाव शहराबाहेरच्या ग्रामीण पट्ट्यात हिरे घराण्याचा शब्द चालत असे. भाऊसाहेब हिरे मुंबई राज्याचे महसूलमंत्री होते. द्वैभाषिक राज्याच्या नेतृत्वासाठी १९५६ मध्ये यशवंतराव चव्हाणांशी झालेल्या लढतीत ते हरले नसते, तर राज्याच्या राजकारणाचे केंद्र कऱ्हाडऐवजी मालेगाव झाले असते, असे तालुक्यात अजूनही सांगितले जाते. पुढे पुष्पाताई हिरे आणि प्रशांत हिरे यांच्या रूपाने घराण्याचे नाव तिसऱ्या पिढीपर्यंत विधानसभेत राहिले. २००४ मध्ये दाभाडीत अपक्ष उभे राहिलेले दादा भुसे यांनी प्रशांत हिरे यांना हरवले. पाच वर्षांनी दाभाडी मतदारसंघ संपला, मालेगाव बाह्य तयार झाला, आणि भुसे तेथून शिवसेनेतर्फे सलग निवडून येऊ लागले. जुन्या घराला हरवणारा माणूस वीस वर्षांत स्वतःच प्रस्थापित होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण जिल्ह्यात नाही.

पुनर्रचनेचा सर्वाधिक फटका मात्र सुरगाण्याला बसला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जीवा पांडू गावित १९७८ पासून सुरगाण्यातून निवडून येत होते. १९९५ मध्ये अपक्ष हरिश्चंद्र चव्हाण यांच्याकडून झालेला पराभव सोडला तर २००४ पर्यंत ती जागा त्यांचीच होती. वनजमिनींच्या प्रश्नावर उभी राहिलेली पक्षाची संघटना, पाड्यापाड्यावरच्या शाखा आणि लाल टोपी हा त्यांचा आधार होता. २००९ मध्ये सुरगाणा कळवणला जोडला गेला आणि आदिवासी राजकारणातील दोन बुजुर्ग एकाच जागेवर आले. कळवणचे अर्जुन तुळशीराम पवार, म्हणजे ए. टी. पवार, यांनी त्या वर्षी गावितांना हरवले; २०१४ मध्ये गावितांनी पवारांना हरवले, आणि हा त्यांचा सातवा विजय ठरला. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने दोघेही प्रस्थापित एकमेकांच्या हातून पडले. कारण दोन्ही वेळा सारखेच होते : कळवण तालुक्याचा कल पवारांकडे होता, सुरगाण्याचा गावितांकडे, आणि नव्या नकाशावर कुणाच्याही एका तालुक्याच्या बळावर जिंकणे शक्य राहिले नव्हते.

मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईला पोहोचलेल्या किसान लाँग मार्चच्या नेत्यांत आमदार गावित होते. पायांना फोड आलेल्या आदिवासी शेतकऱ्यांची छायाचित्रे देशभर छापली गेली आणि सरकारला लेखी आश्वासने द्यावी लागली. पुढच्या वर्षी लोकसभेला दिंडोरीतून ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले, विधानसभेला ए. टी. पवार यांचे पुत्र नितीन पवार यांच्याकडून हरले आणि २०२४ मध्ये पुन्हा त्यांच्याचकडून हरले. मोर्चात चालणारी माणसे एका मतदारसंघातली नसतात, मते मात्र एकाच मतदारसंघातली लागतात. मोर्चाच्या गर्दीवरून निकालाचे अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात घेतले नव्हते.

अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या देवळालीत शिवसेनेचे बबनराव घोलप १९९० पासून सलग पाच वेळा निवडून आले. २०१४ मध्ये त्यांचे पुत्र योगेश घोलप आमदार झाले. जवळजवळ तीस वर्षे एका घरात राहिलेली ही जागा २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या सरोज अहिरे यांनी चाळीस हजारांहून अधिक मतांनी जिंकली. अहिरे या स्वतःही माजी आमदाराच्या कन्या आहेत, हे विसरून या निकालाला ‘घराणेशाहीचा पराभव’ म्हणणे धाडसाचे आहे. शेजारच्या इगतपुरीत निर्मला गावित यांनी काँग्रेसतर्फे दोन विजय मिळवल्यावर २०१९ मध्ये शिवसेनेची वाट धरली आणि त्या काँग्रेसच्याच हिरामण खोसकर यांच्याकडून हरल्या. त्यांचे वडील माणिकराव गावित नंदुरबारचे नऊ वेळचे खासदार होते. त्यांनाही २०१४ मध्ये डॉ. हीना गावित यांच्याकडून हार पत्करावी लागली होती.

सिन्नरचा प्रकार निराळा आहे. तुकाराम दिघोळे यांच्यानंतर १९९९ मध्ये ही जागा माणिकराव कोकाटे यांच्याकडे आली. शिवसेना आणि काँग्रेस अशा दोन पक्षांतून तीन विजय मिळवून ते २०१४ मध्ये भाजपचे उमेदवार झाले आणि शिवसेनेच्या राजाभाऊ वाजे यांच्याकडून पडले. २०१९ मध्ये राष्ट्रवादीतून त्यांनी दोन हजारांच्या आसपास मतांनी वाजे यांना हरवून परतफेड केली. त्या पराभवानंतर वाजे संपले असे मानणाऱ्यांना २०२४ मध्ये त्यांनी खासदार होऊन उत्तर दिले. सिन्नरच्या पलीकडे, पुणे रस्त्यावरच्या संगमनेरात १९८५ पासून आठ वेळा निवडून आलेले बाळासाहेब थोरात २०२४ मध्ये अमोल खताळ यांच्याकडून साडेदहा हजार मतांनी हरले; जिल्हा वेगळा असला तरी त्या निकालाची चर्चा सिन्नरच्या चहाच्या टपऱ्यांवर घरच्या निकालासारखीच झाली.

छगन भुजबळ नाशिकच्या राजकारणात आले, त्याआधी मुंबईतला एक पराभव होता. माझगावमधून १९८५ आणि १९९० मध्ये शिवसेनेतर्फे जिंकलेले भुजबळ पक्ष सोडल्यावर १९९५ मध्ये त्याच माझगावात बाळा नांदगावकर यांच्याकडून हरले. २००४ पासून ते येवल्यातून सातत्याने निवडून येत आहेत. २००९ मध्ये त्यांचे पुतणे समीर नाशिकचे खासदार झाले, पण २०१४ मध्ये स्वतः भुजबळ त्याच जागेवर उभे राहिले आणि हेमंत गोडसे यांनी त्यांना १ लाख ८७ हजारांहून अधिक मतांनी हरवले. मोदी लाट, पक्षांतर्गत नाराजी, जातीय ध्रुवीकरण अशी कारणे तेव्हा दिली गेली. त्यांत तथ्य आहेच, पण एक साधी गोष्ट क्वचितच सांगितली जाते : येवला हा दिंडोरी लोकसभा मतदारसंघाचा भाग असल्यामुळे भुजबळांच्या हक्काच्या मतदारांना त्या दिवशी त्यांना मत देताच आले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच मतदारांनी त्यांना मोठ्या फरकाने विधानसभेत पाठवले. नांदगावमध्ये मात्र त्यांचे पुत्र पंकज दोन विजयांनंतर २०१९ मध्ये सुहास कांदे यांच्याकडून हरले.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कांदा निर्णायक ठरला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तेव्हा २० मेचे मतदान तोंडावर आले होते. लासलगाव, पिंपळगाव, चांदवड, येवला हा सारा कांदापट्टा दिंडोरीत येतो. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या डॉ. भारती पवार यांचा शिक्षक भास्कर भगरे यांनी एक लाखाहून अधिक मतांनी पराभव केला. भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते. त्यांच्याच आडनावाच्या एका अपक्षाला नुसती ‘तुतारी’ मिळाली होती आणि त्यालाही एक लाखावर मते पडली. चाळीतल्या कांद्याचा राग एवढा होता की चिन्ह चुकूनही निकाल बदलला नाही. धुळ्यात दोन वेळचे खासदार डॉ. सुभाष भामरे हे नाशिकच्या माजी महापौर डॉ. शोभा बच्छाव यांच्याकडून ३,८३१ मतांनी हरले. मालेगाव मध्य या एका विधानसभा क्षेत्राने बच्छाव यांना जवळपास १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली होती. तरीही हा कौल टिकाऊ नव्हता. सहा महिन्यांच्या आत झालेल्या विधानसभा निवडणुकीत याच जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीकडे गेल्या आणि बहुतेक विद्यमान आमदार सुखरूप परतले.

पराभव जाहीर होण्याच्या कितीतरी आधी तो मतमोजणीच्या गोदामात कळलेला असतो. अंबडच्या वखारीत जाळीपलीकडे टेबले मांडलेली असतात आणि जाळीअलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी रेघा मारलेल्या वहीत केंद्रनिहाय आकडे उतरवत बसतात. यंत्रे साधारणपणे मतदान केंद्रांच्या क्रमाने येत असल्यामुळे कुठल्या फेरीत कुठली गावे निघणार, हे जुन्या प्रतिनिधीला तोंडपाठ असते. ‘आपली गावे पुढे आहेत’ हे वाक्य सकाळी धीर देते. उमेदवाराच्या स्वतःच्या गावाच्या फेरीत जेव्हा अपेक्षित आघाडी निघत नाही, तेव्हा वही मिटते आणि एकेक जण पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर पडतो. बाहेर गुलालाची पोती कुणाच्या टेम्पोत चढवायची, याचा निर्णय शेवटच्या फेरीची वाट पाहत नाही.

जागा गेली तरी माणूस लगेच जात नाही. सहकारी संस्था, बाजार समिती, साखर कारखाना आणि शिक्षणसंस्था ही जिल्ह्यातल्या पुढाऱ्याची दुसरी जमीन असते. मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या मोठ्या संस्थेची किंवा तालुक्याच्या बाजार समितीची निवडणूक म्हणूनच विधानसभेइतक्या चुरशीने लढवली जाते. ज्याची ही दुसरी जमीन शाबूत असते तो पाच वर्षांनी पुन्हा उभा राहतो. ज्याची तीही गेलेली असते त्याचे तिकीटच पुढच्या वेळी दुसऱ्याला मिळते. अशा माणसाकडे लोक येणे मात्र बंद होत नाही. दाखल्यावर शिफारस, तलाठ्याला फोन, लग्नाला हजेरी ही कामे चालूच राहतात. लग्नपत्रिकेत त्यांचे नाव पूर्वीप्रमाणेच ‘मा. आमदार’ असे छापले जाते, आणि त्यातला ‘मा.’ माननीय की माजी, हे छापणारा विचारत नाही.